ताईची जगप्रसिद्ध पाठ

४ फेब्रुवारी

नात म्हणाली, आजी, रविवारी तुला हवेली बघायला नेते. मी म्हटलं, कुठली गं? म्हणाली, त्या मोठ्या चित्रकाराची, जिथे मोठी आजी इस्त्रीला होती ती. निवडत होते ती भाजी तशीच राहिली. बसनं दीड तासाची वाट, आणि पंचावन्न वर्षांत एकदाही जाणं नाही. विषय काढला की ताई, म्हणजे हिची मोठी आजी, म्हणायची, "तिथे तुझं काय पुरलंय?"

५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. करायला नको होता, पण माझ्या पोटात काही राहतं का! ताई म्हणाली, "जातेसच तर माझ्या पाठीला नमस्कार करून ये."

पाठ म्हणजे चित्रातली. चित्रकारानं इस्त्री करणारी बाई काढली ती मागून. चेहरा नाहीच. अंबाडा, पाठ आणि समोर खिडकी. एवढ्या पाठीवर ताईनं जन्म काढला. लग्नघरी पाठ, मयतीला पाठ. भावोजी बिचारे भाजीत मीठ कमी म्हणायला घाबरायचे. तिच्या बैठकीत चित्राची छापील प्रत आहे, चौकटीत. आल्यागेल्याला आधी पाठ, मग चहा.

माझं काय? घरातल्या फोटोत मी कायम कडेला, अर्धा खांदा कापलेला. जळते मी. लिहायला काय जातं, वही कुणी वाचत नाही.

६ फेब्रुवारी

गुडघा दुखतोय. दुखू दे. जाणार.

८ फेब्रुवारी, रविवार

आल्या आल्या लिहितेय, चपलासुद्धा दारात वाकड्या पडल्यात.

हवेली होती तशीच, फक्त मी म्हातारी झाले. तेव्हा मागच्या दारानं जायचो, आज तिकीट काढून पुढच्या दारानं गेले. एवढ्यानंच मला हसू. नात म्हणाली, आजी, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत.

इस्त्रीची खोली ठेवलीय अजून. टेबल तेच, खिडकी तीच, कोळशाची इस्त्री काचेत. मीसुद्धा केलीय तिथे इस्त्री, अकरा दिवस. ताईला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या जागी. चित्रकार कोपऱ्यात बसून कागदावर काहीबाही ओढायचा. ताई असतानाही ओढायचाच म्हणे. मी मान वर केली नाही. चादरी का थोड्या होत्या!

मग चित्र. अख्खी भिंत व्यापलेलं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "ही बाई कोण ते कुणालाच ठाऊक नाही." नात पटकन बोलली, "माझी मोठी आजी आहे ती." सगळे वळून बघायला लागले. मला परत तीच जळजळ, इथून तिथपर्यंत.

आणि मग दिसलं. ताईच्या घरच्या प्रतीत बाई दंडापर्यंतच आहे. इथे पुढचा हात पण आहे. इस्त्री डाव्या हातात आहे.

ताई उजव्या हाताची. आमच्यात डावखुरी मी एकटी. आई नव्हती, म्हणून ताईच माझ्या डाव्या हातावर फटके द्यायची, उजव्यानं कर म्हणून.

परत इस्त्रीच्या खोलीत जाऊन टेबल नीट बघितलं. डाव्या अंगाला जळका डाग. तिसऱ्या दिवशी पाडला होता मी, बोलणी खाल्ली होती. नातीला काही सांगितलं नाही. बसमध्ये तिला तीनदा शेंगदाणे घेऊन दिले. ती म्हणाली, आजी, तुला झालंय काय?

९ फेब्रुवारी

भांडी घासताना गाणं म्हटलं. सून बघायला आली.

१० फेब्रुवारी

ताईला सांगू का? सांगणारच. सगळ्यांसमोर सांगणार, तिच्या सुनेसमोर, जावयासमोर.

पण तिचं काय राहील मग? पाठ काढून घेतली तर.

नाही, सांगणार. माझी आहे ती पाठ! फ्रेमवाल्यानं प्रत कापली असेल, म्हणून ताईचं फावलं इतकी वर्षं. तिला तरी कुठे ठाऊक असणार.

१२ फेब्रुवारी

ताईकडे गेले. सून बाजारात होती. ताई आंघोळीला गेली तशी चौकट खाली उतरवली, मागचा पुठ्ठा सरकवला.

प्रत कापलेली नाही. कड मागे दुमडलीय, चादरीची घडी घालतो तशी, नखानं दाबून. हात, इस्त्री, सगळं आत आहे. पुढचा कागद पिवळा पडलाय, घडीतला अजून पांढरा.

पुठ्ठा बसवला. चौकट परत लावत होते तेवढ्यात ताई ओले केस पुसत आली. दारात उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. मी चौकट खिळ्याला अडकवली.

मग म्हणाली, "तिरकी लागलीय. डाव्या हातानं लाव, धाकटे. उजव्यानं तुला कधी जमलंय?"