कुंकवाचं बोट लागलेली पट्टी

मंगळवार, दिवे लागले तवा

आज माहा वजनकाटा अर्धा दिवस बंद. सोयाबीनचे ट्रॅक्टर दारातून वापस दुसऱ्या काट्यावर गेले. काल संज्यानं, माह्या साळ्यानं, काट्याच्या कम्प्युटरमधली मेमरीची जुनी पट्टी काढून दुसरी बसोली. म्हणे, "भाऊजी, आता घोड्यावानी पळीन." पळते कायची! सकाळपासून बटन दाबलं का टूं टूं टूं, अन् पडदा काळाच. काढली, पुसली, पुन्हा दाबून बसोली. तेच टूं टूं टूं.

फोनवर म्हटलं, "जुनी आणून दे."

"फेकली भाऊजी. कचरा होता तो."

काहून फेकली? जळालेली मोटार नव्या तारेनं भरणारा बी जुनी तार मालकाच्या हाती देते.

दुपारी त्याच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याची मशीन उघडीच होती. आत माही पट्टी! कुंकवाचं बोट होतं ना तिच्यावर. दसऱ्याले मशीन साफ केली तवा शांतानं पूजेत लावलं होतं. माही बायको, त्याची सख्खी बहीण. तिचं बोट बी नाई दिसलं त्याले? अन् मले कोठची तरी मेलेली पट्टी चिपकोली. मांगतली असती तर... नाई, देल्ली नसती. पण मांगाची तरी होती.

"तपासून पाहून राह्यलो होतो, भाऊजी."

पट्टी उपसली, काट्यावर आणून बसोली. एका दमात चालू.

घरी शांता पुसते, "माह्या भावानंच दुरुस्त केली ना?"

हो म्हटलं. काय सांगू तिले?

आता ती त्याच्यासाठी डबा भरून राह्यली. नेऊन द्याचा मलेच.