तिरप्या अक्षरातलं नाव

२ जाने. १९९४, रवि.
सु.च्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. उस्मानपुऱ्यातल्या आपल्याच प्रेसमधून. हे गेल्यापासून युसूफभाईच ती चालवतात. सु.चं आणि जावयांचं नाव तिरप्या टाईपात, नाजूक, वळणदार. ह्यांचा आवडता टाईप. वधूपित्याच्या ओळीत मात्र, आपल्यात 'कै.'च्या जागी लिहितात ते 'कालकथित' आणि ह्यांचं नाव साध्या उभ्या टाईपात. सु. नुसती बघत राहिली. नीट जेवली नाही.

४ जाने.
ड्यूटीवरून येताना प्रेसवर गेले. ह्यांचं नावही तिरप्यात घ्या म्हटलं. युसूफभाई चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तिरपा खुशीचा टाईप आहे, भाभी. गेलेल्या माणसाला लावायचा नाही. त्यानंच शिकवलं मला."
खरं आहे. लग्न, बारसं, नवं दुकान, एवढ्यालाच ती केस, त्या खिळ्यांचा खणांचा ट्रे, उघडायचे. शोकपत्रिकेसाठी हात लावू देत नसत. ह्यांची स्वतःचीसुद्धा उभ्यातच निघाली.

९ जाने., रवि.
कन्नडहून ह्यांचे धाकटे भाऊ, भाऊजी आले. सु. त्यांना म्हणाली, मग 'कालकथित' काढूनच टाकू, नुसतं नाव ठेवू. भाऊजी: "लई शहाणी. मांडवात लोक मला विचारतील, थोरला कुठं बसलाय? काय सांगू, चहाला गेलाय?" सु. हसली, मग रडली. मीही. जाताना भाऊजी तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.
खोटं छापायचं नाही. पण ती उभी अक्षरं बघवत नाहीत. शोकपत्रिकेतलीच वाटतात.

१४ जाने.
विद्यापीठाचं नामांतर झालं. गल्लीत फटाके, कोपऱ्यावर पोलीस. नामांतराच्या मोर्च्यात ह्यांच्या खांद्यावर लाठी बसली होती, दर थंडीत दुखायचा. आज असते तर
संध्याकाळी युसूफभाई पेढे घेऊन आले. सोबत एक छोटं कार्ड. विद्यापीठाचं नवं नाव, तिरप्या टाईपात. हे सांगून गेले होते म्हणे, नाव झालं की त्याच टाईपात छाप. सु. कार्ड हातात धरून बसली. मग हळूच म्हणाली, "चाचा, हे नाव तरी कुठं हयात माणसाचं आहे?"
युसूफभाईंचा पेढा हातातच राहिला.

१६ जाने., रवि.
युसूफभाईंनी प्रेसवर बोलावलं. तिरप्याची केस उघडून ठेवलेली. म्हणाले, "मेरे हाथ से नहीं होगा. तुम्हीच जुळवा."
शिशाच्या खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. हे दाखवायचे तसं आठवत एकेक खिळा उचलला. मात्रा बारीक, तुटेल म्हणून जपून. वेळ लागला. ह्यांचं नाव जुळलं.
त्याआधीचा शब्द, 'कालकथित', राहिला. उभी केस इकडे, तिरपी तिकडे. हात कुठंच जाईना. तेवढी जागा सोडून थांबले.
युसूफभाईंनी स्टूल पुढं केलं. "बैठो भाभी. चहा येतोय. मशीन कुठं पळून जात नाही."
बसले.