शेवटचा डबा खड्ड्यातून वर

३ जून १९७७
ठरलं! भुयारी रेल्वेचा शेवटचा डबा मीच उचलणार! गोवनच्या शेडमध्ये सत्तावीस वर्षं क्रेन चालवली, ती फुकट नाही गेली. संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. भुयारातली गाडी शेडमध्ये येते कुठल्या रुळावरून, म्हणे! "रूळ कुठला बाई?" हेक्टर म्हणाला, खाली उभा राहून मला इशारे देणारा माझा जोडीदार. "खड्ड्यातून वर उचलतो. मांजर पिल्लाला उचलते ना, तसं." नव्या शेडला रूळ येणार. मग क्रेनही भंगारात.

६ जून
साहेबांनी फाटे फोडले! "हेक्टर चौसष्टचा झाला, वॅटी. खाली इशारे द्यायला तरुण माणूस घेऊ. फोटोवाले येणार आहेत."
मी सरळ सांगितलं — डबा साखळीला लटकला की मी डबा बघत नाही, हेक्टरचा हात बघतो. तो नसेल तर मी वर चढणार नाही!
बोलून तर बसलो. घरी बायको, नेटा, म्हणाली, "शाब्बास! आता दोघंही बसा घरी, बटाटे सोलायला."

७ जून
राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, त्या उत्सवाची सुट्टी. गल्लीत नाचगाणी. मी मात्र घरातच.

८ जून
साहेब नमले!! हेक्टरला सांगायला धावलो, तर हा हातोडी पुसत बसलेला. "त्यांचंच ऐकायचं होतंस," म्हणाला. मानी म्हातारा!

९ जून
उचलला! हेक्टरनं नेहमीसारखी चाकावर हातोडी ठोकली, मान तिरकी करून ऐकलं, मग हात वर. साखळ्या कुरकुरल्या. डबा निघाला — लाल, काजळलेला, खालून भुयाराचा तो ओला वास. एकदाही हेलकावला नाही! टाळ्याच टाळ्या. साहेबसुद्धा! मी वरून टोपी हलवली, वेड्यासारखी. हेक्टरनं थेट माझ्याकडे बघितलं — आणि हात काही हलवला नाही. फार लागलं मला. इतक्या वर्षांची जोडी, आणि आजच तोऱ्यात?

१० जून
सकाळी चहाला मीच विषय काढला. हेक्टर कपाकडे बघत म्हणाला, "टोपी हलवलीस होय? पोरा, दोन वर्षं झाली, तू वर दिसतच नाहीस मला. साखळीच्या आवाजावर हात हलवतो."
दोन वर्षं. आणि मी डब्याकडे न बघता त्याच्या हातावरच भरवसा ठेवत होतो.