रंगाऱ्याच्या डब्यातले दातांचे ब्रश

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे सुखरूप आहोत. तिकडे भावजींचा गुडघा आणि तुझा पारा, दोन्ही जागेवर असतील अशी आशा करतो.

तू दातांच्या दवाखान्यातून पाठवलेले पाच ब्रश पोचले, आणि त्यांच्यासोबत तुझा हुकूमही पोचला, की घरातल्या प्रत्येकाने सकाळ-रात्र दात घासायचेच. (दवाखान्यात तू नर्स असशील, पत्रात मात्र थेट डॉक्टरीण होतेस.) मी म्हटलं, ब्रश कसा धरायचा हे आता कुणी मला शिकवायला नको, उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात चाललाय. त्याच रात्री जेवणं झाल्यावर बायको, दोन्ही मुली आणि आपले अप्पा, सगळ्यांना मोरीपाशी उभं केलं आणि भिंतीचं शास्त्र दातांना लावलं. आधी कोपरे, मग सपाट भाग, आणि ओघळ कुठे राहू द्यायचा नाही. थोरलीने विचारलं, की रंगाचा दुसरा हात मारतात तसा इथे कधी मारायचा. मी म्हटलं, सकाळी.

इथवर दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. पण आमच्या धंद्यात काम संपलं की ब्रश सुकू द्यायचा नसतो, सुकला की केस ताठ होतात आणि तो कामातून जातो. तेव्हा मी सवयीने पाचही ब्रश पत्र्याच्या एकाच डब्यात पाणी भरून बुडवून ठेवले. कुणाचा कोणता ते कळावं म्हणून दांड्यांवर उरल्यासुरल्या ऑइलपेंटचे ठिपके दिले होते, ते वाळायच्या आतच दांडे एकमेकांना टेकले आणि सकाळी प्रत्येक ब्रश सगळ्यांचा झाला होता. त्यात भर म्हणजे, डबा सामाईक आहे असं समजून अप्पांनी आपली कवळीही त्यातच सोडली होती. (दातांची सोय एका ठिकाणी बरी, असं त्यांचं मत.) बायकोने डब्यात डोकावून पाहिलं. मग तिने सगळे ब्रश फेकून नवे आणले, प्रत्येकाचा वेगळ्या पेल्यात कोरडा उभा केला आणि कवळीला झाकणाची वाटी दिली. माझ्याकडे फक्त पेले विसळायचं काम राहिलं.

आता मात्र घडी बसली आहे. मुली न सांगता मोरीकडे जातात. अप्पा कवळी हातात घेऊन त्यांच्या रांगेत उभे राहतात आणि सगळ्यांत मन लावून तेच घासतात. रात्री दात घासले की खाणं बंद, हा बायकोचा कायदा. तो मोडून मी एकदा बिस्किट खाल्लं, तर मुलींनी हाताला धरून मला परत मोरीवर नेलं. एकंदर सर्वांचे दात उत्तम आहेत, काळजी नसावी. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. सर्वांचे म्हणजे मला सोडून. माझी डावीकडची मागची दाढ तुझे ब्रश येण्याआधीपासून ठणकते आहे. तीन मजली परांचीवर मी शीळ घालत उभा राहतो, पण तुमच्या त्या खुर्चीचा नुसता विचार आला की गाल धरून पुन्हा कामाला लागतो. ताई, मला खरंच भीती वाटते. गुरुवारी येतो. डॉक्टर काय करायचं ते करोत, तू माझा हात सोडू नकोस. दवाखाना रंगवायचं काम बघायला जातोय असं घरी सांगितलं आहे, तूही तेच सांग.

आणखी ता. क. वन्सं, हे मी लिहितेय, तुमची भावजय. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, तेही चिकटवायचं विसरून. दाढेचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे, नाहीतर महिनाभर मी भाज्या इतक्या मऊ कशाला शिजवल्या असत्या? गुरुवारी हे डबे-ब्रश घेऊन येतील. येऊ द्या, काही विचारू नका. सोबत अप्पाही निघालेत. म्हणतात, "आधी मी बसून दाखवतो त्या खुर्चीत. काही दुखत नाही." आता त्यांच्या तोंडात डॉक्टरांनी काढण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार? पण आधी त्यांनाच बसवा.