पहिल्या डब्यातला पाहुणा

१४ नोव्हेंबर

आले एकदाची कर्जतजवळ कोंडाण्याला, स्वयंपाकाच्या कामाला. बारा वर्षं मोहोपाड्यात कॉलनीतल्या लोकांच्या पोळ्या लाटल्या, तिथल्या हवेला कारखान्याचा वास. इथे पेंढ्याचा वास आणि वर डोंगर. खोली वेगळी, खिडकीला जाळी, दोन शेगड्यांचा गॅस. अजून काय पाहिजे.

मालकीण स्नेहल, नवरा धनेश. दोघं तिशीतली. कॉम्प्युटरच्या गेममध्ये रोलर कोस्टर बांधतात, लोक त्यांच्याकडून हवा तसा बांधून घेतात. मला हसू आलं. स्नेहल म्हणाली, ललिताकाकू, स्वयंपाक झाला की रोज आमची एक गाडी बघायची आणि पोटात गोळा कुठे आला ते या वहीत लिहायचं. म्हटलं, चौथी शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं. चालेल म्हणाली. धनेशने विचारलं, सुकट करता का. माणूस बरा आहे.

१७ नोव्हेंबर

गोळा कुठेच आला नाही. सरळ लिहिते. दुसऱ्या चढावर गाडी पोचायलाच नको, तेवढा उतारच दिलेला नाही. माहेरी भाताच्या वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरवत वाढलेल्या बाईला हे कळतं, यांना नाही. धनेशने कबूल केलं, तिथे त्याने गुपचूप ढकलायची मोटर लावलीय. स्नेहल इतकी हसली की तिला उचकी लागली. माउस माझ्या हातात दिला. म्हणाली, आता तुम्हीच बांधा.

२३ नोव्हेंबर

बांधतेय. धनेशने घरामागचाच डोंगर गेममध्ये उतरवलाय, उपग्रहाच्या नकाशावरून, ओहोळासकट. रुळाचा एकेक तुकडा जोडायचा, वाकवायचा. खाली खांब आपोआप येतो. माझी गाडी कड्यावरून सुटते, ऐनाच्या झाडाला वळसा घालते आणि खाचरांच्या पायऱ्यांवरून खाली येते. भाकरीशिवाय मी जन्मात काही गोल केलं नव्हतं.

दूध घालायला येणारी धोंडूबाई पडद्यासमोर थांबली. हा तर आमचाच डोंगर हाय म्हणाली. ऐनाखाली राखणदाराचा दगड, आणि तिथंच तुझा खांब. राखण दिलीस का नाय गं? इथली रीत आहे, जमिनीत खांब रोवायचा तर आधी राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, नारळ आणि कोंबडा. म्हटलं, पडद्यावरच्या जमिनीत कोंबडा कुठे कापू. ती गप्प बसेना. शेवटी मी गेममधल्या एका माणसाचं नाव बदलून राखणदार असं लिहिलं आणि त्याला पहिल्या डब्यात बसवला. म्हटलं, बसा देवा, पहिला मान तुमचा. झालं समाधान? धोंडूबाई किटली विसरून गेली.

२४ नोव्हेंबर

फेरी संपली की गाडीतली माणसं उतरतात. तो उतरत नाही. धनेश म्हणाला, गेममधली चूक असेल, बघतो.

२६ नोव्हेंबर

दुसऱ्या डब्यात अजून एक बसलाय. डोक्यावर नाव, धनेश. स्नेहलला वाटलं मी लिहिलं, मला वाटलं तिने. दोघी हसलो.

जेवायला हाक मारली तर धनेश खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलेला. बोलत नाही. पडद्यावर गाडी डावीकडे वळली की हा डावीकडे कलतो. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि त्याचे केस मागे उडतायत.

२७ नोव्हेंबर

कर्जतहून डॉक्टर येऊन गेला. म्हणे झोप कमी पडलीय. कॉम्प्युटर बंद केला तरी धनेशचं कलणं थांबत नाही. गावातल्या चौघांनी उचलून पाहिलं, खुर्चीतून सुटत नाही.

मी डोंगरावर जाऊन आले. ऐनापासून खाली ओळीने खड्डे, माती ताजी. जिथे जिथे माझा खांब, तिथे तिथे खड्डा.

धोंडूबाईला घरी जाऊन धरली. म्हणाली, राखण जागेवर ठेवायची आणि पाठ फिरवून यायचं. त्याला बस म्हनायचं नसतं गं. आता जिनं बसवला तिनंच उठवायचा, नायतर गाडी भरेपर्यंत घरातली मानसं बसवत र्‍हाईल. कोंबडा दे, नाक घास.

कोंबडा देईन. नाक नाही घासणार. मान दिला तो एका फेरीचा. माणसं दिली नव्हती.

२८ नोव्हेंबर, सकाळ

कोंबडा दिला. दगडाला हात पण जोडले. घरी येऊन बघते तर तो तिथेच बसलेला. पडद्यासमोर उभी राहून ऊठ म्हटलं. दहादा, घसा फोडून. त्याला ऐकू जात नाही, गाडीवर वारा असतो. रूळ तोडावा तर मागे धनेश. स्टेशनाजवळचा एक तुकडा काढून पाहिला — दोन उगवले.

दुपार

स्नेहल. तिसरा डबा. इथे नवऱ्याच्या खुर्चीजवळ जमिनीवर, गुडघे आवळून. डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, मागे कानाकडे जातंय.

आता मीच उरले. फाट्यावर रिक्षा मिळेल. मोहोपाड्याची खोली अजून —

नाही. बसवला मी, भोगतायत ती दोघं. असं नाही चालणार.

त्याने मला बसवायच्या आधी मीच बसते. चौथ्या डब्यात नाही. पहिल्यात, त्याच्या शेजारी. तिथे ऐकू जाईल. माझं नाव मीच लिहिलं, एका बोटाने.

अजून दुपारच

बसले. हात वहीवर, बाकी सगळी मी वर गाडीत. अक्षर हलतंय. हा चढ मी एवढा लांब नव्हता बांधला —

शेजारी तो. ओल्या मातीचा वास. पुढे बघतोय. मागून स्नेहल काकू काकू करतेय, स्पष्ट ऐकू येतं. बरं झालं, इथे आवाज पोचतो.

ऊठ म्हटलं. हलला नाही.

घाबरलेय. घाबरले तरी बोलता येतं. म्हटलं, मान घेतलास, फेरी झाली, दुसऱ्याच्या पोरांना कशाला धरतोस. गाडी तुझी नाही. मी बांधलीय. बसवला मी, उठवणार पण मी —

टोक आलं. खाली रूळ दिसत नाही — त्याचा दंड धरलाय — थंड —

तोंड वळवतोय माझ्याकडे. वळव. नीट बघून घे. मी काय सोडत ना —