पीलियाच्या गोळ्या

१२ फेब्रुवारी २००७

एक नाही, दोन निंगाले!

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं कागदावर बोट ठेवून सांगतलं — हा एचआयव्ही, अन् ही कावीळ, आपला पीलिया, बी म्हणतात ते. दोन्ही रक्तातल्या. लय लोकाइच्या अंगात दोन्ही संगच भेटतात म्हणे, कारण दोघाईचा रस्ता एकच. कोणता रस्ता, ते तिनं नाही इचारलं. म्याबी नाही. माझा नवरा उकव्याच्या खाणीतून मँगनीजचा ट्रक भरून रायपूरपर्यंत नेणारा माणूस, त्याले रस्ते का कमी आहेत?

माझा कागद साफ. पोरीचा, दीपिकाचाबी साफ. दोघीनं काविळीचे टीके टोचून घ्यायचे, बस. खुशीनं नाचू का डोकं फोडून घेऊ, समजून नाही राह्यलं.

बसमधी हे पुरा टाइम खिडकीबाहेर पाहत होते. वारासिवनी आल्यावर तोंड उघडलं — "मायले पीलियाच सांग. अर्धं तं खरंच आहे!"

वा रे वा! अर्धं खरं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. मूठ याईची, अन् झाकाची म्या.

१४ फेब्रुवारी

शिशीवरचा कागद खरडून काढला अन् गोळ्या च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा बजावत होती — "एकही दिवस चुकवायची नाही. ही गोळी दोन्ही रोगांना धरून ठेवते. सोडलं की उसळतील."

मी सकाळी सायकलनं गावच्या शाळेत शिकवाले जाते, ते दिवस मावळता येते. याईच्या भरोशावर ठेवलं तं झालं कल्याण! म्हणून डबा सासूच्या हाती देला. "माय, पीलियाच्या गोळ्या आहेत. टाइमावर देत जा."

बुढी म्हणे, "हौ वं, देईन ना. माझंच लेकरू आहे."

३ मार्च

बाबूलाल पाहाले आला होता. याईच्याच ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर, भिंतीले भीत लागून घर. बारा वर्ष एका ट्रकवर, एका ताटात जेवले दोघं. अन् आज दारातूनच "कैसा है, प्रेमलाल?" केलं. म्या म्हटलं, बसा की, चहा ठेवते. नाही बसला. याईनंबी बस म्हटलं नाही. एकमेकाच्या तोंडाकडे पाहून नाही राह्यले.

मेली यांची दोस्ती! चांगल्या दिवसाचीच होती म्हणायची.

१९ मार्च

बुढीनं बैहरकडून महागूले बोलावलं! पीलिया झाडते म्हणे, लांबलांबून लोक येतात त्याच्याकडे. कोण्या वेलीच्या ओल्या काड्याइची माळ याईच्या डोक्यावर ठेवली. आता माळ वाढत जाईन म्हणे, गळ्यात येईन, मंग छातीवर, मंग बेंबीपाशी. जशी माळ उतरन तशी कावीळ उतरन. तेल बंद, हळद बंद. मुळा खा, ताक पे.

मी कोपऱ्यात उभी. काय बोलू? पीलिया तं मीच सांगतला! दुखणं रेड्याले अन् डाग पखालीले.

हे मात्र डोक्यावर माळ घेऊन मस्त बसले. दीपिका म्हणे, "बाबा नवरदेव!" अन् हे हासले. किती दिवसानं हासले. मलेच रडू आलं.

२५ मार्च

माळ गळ्यात आली. बुढीनं मोहल्ल्यात साखर वाटली.

३१ मार्च

माळ बेंबीपर्यंत आली, अन् वैनगंगेत सोडून देली. ओल्या काड्या वाळल्या का धागा ढिला पडतेच, माझ्या पाचवीतलं पोट्टंबी सांगन. पण डोळ्याइचा पिवळेपणा गेला, हे खरं आहे. दीड महिना गोळी पोटात गेली, ते कोणाले दिसते? महागूले धोतर, नारळ अन् कोंबडा. अन् मी नागपूरचे खेटे घालते, मले कोणी पाणी इचारत नाही.

१० मे

नागपूरहून एकटीच जाऊन शिशी आणली. डॉक्टरीणबाई रागावली, "पेशंट कुठे आहे? मला रक्त तपासायचंय." हे येतच नाहीत! म्हणे बरं वाटते, कशाले लोकाइच्या नजरेत पडाचं.

शाळेले सुट्ट्या, पण सर्वेच्या ड्युटीनं मी दिवसभर बाहेरच असते. घरी येऊन डबा पाह्यला. बराबर खाली होऊन राह्यला. चला, या घरात एक तं काम टाइमावर होते!

२० जून

डोळे पुन्हा पिवळे! पोटबी फुगलं. जेवण समोर आणलं का उलटी. बुढी म्हणे, महागूले बोलावते. म्या म्हटलं, खबरदार! शनिवारी नागपूर.

२२ जून

आजचं सारं लिहून ठेवते.

शाळा दुपारीच सुटली. घरी आली तं मांगच्या दारातून बाबूलालची बायको, तुळसाबाई, निंगून राह्यली. मूठ बंद. मले पाहून पदराखाली घेतली. म्या म्हटलं, "काय नेलं वं?" "कुछ नहीं, दीदी," अन् पळाली.

बुढीले इचारलं. बुढी कशी खुशीनं सांगते! "अवं, पीलिया तं उतरला ना तवाच! माळ पडल्यावर इंग्रजी गोळी चालत नाही, महागू बजावून गेला, कलेजा जाळते म्हणे. मंग फेकाच्या कशाले? तुळसाबाईच्या बाबूलाललेबी पीलिया आहे, ती मांगे. म्या रोज दोन देत गेली. पुण्याचं काम आहे बाप्पा!"

मार्चपासून! रोजच्या दोन, भिंतीपलीकडे! म्हणून डबा बराबर खाली होत होता. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. अन् दळणारी आंधळी मीच.

याईले धरून हालवलं. "तुमाले समजत नव्हतं? माय गोळी देऊन नाही राह्यली, तं तोंडानं मांगता येत नव्हती?"

भिंतीकडे तोंड करून म्हणे, "गोळी समोर येत नव्हती तं वाटे, रोगच नाही. पीलिया होता, गेला."

घ्या! स्वतःच बनवलेलं खोटं, स्वतःच खरं मानून बसले! हातातला गिलास फेकून मारला म्या. लागला नाही. लागाले पाह्यजे होता.

२३ जून

नागपूर. भरती केलं. डॉक्टरीणबाई आज रागावली नाही, तवाच मी समजून गेली. म्हणे, "गोळी अचानक बंद झाली आणि दबलेली कावीळ उसळली. लिव्हर हातचं गेलंय. नुसत्या एचआयव्हीने इतक्यात काही झालं नसतं हो, पुष्कळ वर्षं जगले असते."

पुष्कळ वर्षं. हे कशाले सांगतलं तिनं मले?

२८ जून

आज एकदा शुद्धीवर आले. म्हणे, "मायले सांगू नको."

अजूनबी तेच! बायको पोरीले कशी पोसन, ते नाही इचारलं.

२ जुलै

गेले.

१४ जुलै

तेरवी झाली. जो तो म्हणे, पीलियानं गेला बिचारा. म्या मान हालवत राह्यली. अर्धं तं खरंच आहे ना!

महागूनं निरोप पाठवला, माळ एक दिवस लवकर नदीत सोडली म्हणून असं झालं. बुढी तवापासून छाती पिटून राह्यली — "माझ्यानंच झालं वं, म्याच लवकर काढली!" हौ बुढे, तुझ्यानंच झालं, पण माळेनं नाही. सांगू का? सांगतलं तं जागीच मरन. कधीकधी वाटते, मरू दे. मंग बुढी दीपिकाले कुशीत घेऊन झोपते, अन् मी गप्प बसते.

याईची उरलेली गोळी डब्यात तशीच पडली आहे. फेकाले गेली, फेकवली नाही.

१९ जुलै

तुळसाबाई मांगच्या दारानं आली अन् माझे पायच धरले. "दीदी, वो पीलिया की गोली नहीं थी. मेरे को पहले से मालूम था." बाबूलालबी तेच गोळी नागपूरहून आणत होता. फेब्रुवारीत तिथल्या लाइनमधी याईनं त्याले पाह्यलं, त्यानं याईले. दोघंबी बोलले नाही. त्या दिवसापासून शरमेनं तो गेलाच नाही! अन् हिनं बुढीच्या हातून माझ्या नवऱ्याची गोळी नेऊन आपल्या नवऱ्याले जगवलं.

हात उचलला म्या. तिनं गाल पुढे केला, मंग मारवलं नाही. आत गेली अन् च्यवनप्राशचा डबा आणून तिच्यापुढे आदळला.

"सोमवारी सकाळची बस. बाबूलाल माझ्यासंग नागपूरले येईन. नाही आला, तं चौकात उभी राहून ओरडून सांगन — दोघाईचंबी!"