एका फोनचं उट्टं

बाबा, ज्याच्यावर तुम्ही पोलीस बोलावले होते, तो आता आपल्या गावाचा पोलीस चीफ आहे. हे वाक्य मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. तुम्ही हॉलमध्ये तुमच्या खुर्चीवर, हातात चहा, आणि मी समोर उभी राहून हे म्हणणार, मग तुमचा चेहरा कसा उतरतो ते बघणार, असं मी किती वेळा मनात रंगवलं असेल. पण तुम्ही आधीच गेलात. त्याला चीफ केल्याची बातमी आली त्या दिवशी कामावरून घरी ड्राइव्ह करताना मी गाडीत एकटीच जोरात हसले, आणि पुढच्याच सिग्नलला इतका संताप आला की हे ऐकवायला तुम्ही नाही! म्हणून लिहितेय. आता तुम्हाला मध्येच उठून टीव्हीचा आवाज वाढवता येणार नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल, तुमच्यासाठी तो एक किस्सा होता. मला आठवतो. शनिवार आहे, ह्यूस्टनकडचा तो ओला उकाडा, दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. तुमचा उपास म्हणून आई किचनमध्ये साबुदाणा वडे तळतेय. मी सकाळीच सांगून ठेवलंय की कॉलेजच्या वर्गातला मित्र न्यायला येणार आहे, परीक्षेचा अभ्यास आहे. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता विचारलंत, "आपल्यातला?" मी म्हटलं, "नाही, अमेरिकन." तुम्ही म्हणालात, "बरं." तो जरा लवकर आला. लोकांच्या दारात हॉर्न वाजवायचा नाही आणि वेळेआधी बेल मारून कुणाची धांदल करायची नाही, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. म्हणून तो समोरच्या झाडाच्या सावलीत गाडी लावून, काचा खाली करून, स्टिअरिंगवर पुस्तक ठेवून वाचत बसला. तुम्ही खिडकीच्या ब्लाइंडच्या दोन पट्ट्या बोटांनी फाकवून बघितलंत आणि फोन उचललात. फोनवर तुमचं इंग्रजी नेहमीच जरा जास्त स्वच्छ व्हायचं. पत्ता सांगितलात आणि म्हणालात, आमच्या घरासमोर गाडीत एक काळा माणूस बसलाय. पलीकडच्या बाईने पुढे काही विचारलं नाही. तुम्ही थँक्यू म्हणून फोन ठेवलात. मी तेव्हा वर हेअर ड्रायर लावून केस वाळवत होते. फोनचं मला आईने नंतर सांगितलं, तेही खालच्या आवाजात, तुम्ही आंघोळीला गेल्यावर.

मी खाली आले तेव्हा तो आपल्या लॉनवर पालथा होता. एका पोलिसाचा गुडघा त्याच्या पाठीत, दुसरा त्याच्या गाडीत डोकं खुपसून उलथापालथ करतोय, पुस्तक ड्राइव्हवेवर पडलेलं. मी अनवाणी धावले. तापलेल्या काँक्रीटने पाय भाजले, पण ते घरात आल्यावर कळलं. मी ओरडतेय, हा माझा मित्र आहे, माझ्यासाठी आलाय, आणि तो पोलीस माझ्याकडे बघतसुद्धा नाही, तो तुमच्याकडे बघतोय. आणि तुम्ही दारात उभे, चेहऱ्यावर ते ऑफिसच्या पार्टीतलं हसू. "सॉरी ऑफिसर, मिसअंडरस्टँडिंग." सॉरी कुणाला, तर त्यांना! जो गवतात तोंड घालून पडला होता त्याला एक अक्षर नाही. तो उठला, गालाला गवत चिकटलेलं, पुस्तक उचललं, आणि मला इतक्या हळू आवाजात म्हणाला, "आज तुझं तू जाशील का?" त्यानंतर तो वर्गात माझ्या शेजारी कधी बसला नाही. तुम्हाला वाटायचं आमचं काहीतरी होतं. होतं की नव्हतं हे आमचं आम्हाला कळायच्या आत तुम्ही ते मोडून टाकलंत, आणि हे मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

बरं, तिथे तरी थांबायचं. पण नाही. त्या दिवाळीला घरात लोक भरलेले असताना तुम्ही हा किस्सा रंगवून सांगितलात. "हिचा मित्र आणि मी त्याला चोर समजलो, काय ड्रामा झाला यार!" शेजारचे काका पोट धरून हसले. मी चिवड्याची डिश हातात घेऊन तिथेच उभी होते. आणि तुम्ही म्हणजे तोच माणूस, जो प्रत्येक गॅदरिंगमध्ये सांगायचा की आम्ही जातपात मानत नाही, नागपूरला असताना आमच्या घरी सगळ्यांची उठबस होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तरी मी डिश फिरवली, कारण आई बघत होती.

आता तुम्हाला झोंबेल असं सांगते. त्याने डिग्री पूर्ण केली आणि इंजिनिअरिंगमधला जॉब न घेता पोलिसात भरती झाला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्याच्याच चर्चमधल्या बायकांनी त्याला धारेवर धरलं, की ज्यांनी आपल्या पोरांना जमिनीवर लोळवलं त्यांचा युनिफॉर्म घालायला लाज नाही वाटत? हे त्यानेच मला सांगितलं, आपल्या मंडळाच्या गणपतीत. हो, तो गणपतीला येतो. चीफ झाल्यापासून गावातलं एकही देऊळ, मशीद, चर्च सोडत नाही, त्याच्या लोकांच्या अड्ड्यावर, न्हाव्याच्या दुकानात जाऊन शिव्या खाऊन येतो, आणि ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याकडे पुन्हा जातो. आपल्याकडे आला की चपलांच्या रॅकपाशी बसून ते लांब लेसचे बूट सोडत बसतो, आणि काकू लोक भोवती "चीफ, फोटो, फोटो" करतात. पहिल्या वर्षी मी समोर गेले तर त्याने लगेच ओळखलं. मी विचारलं, त्या बायकांना काय उत्तर दिलंस? तो लेस सोडता सोडता म्हणाला, "म्हटलं, लाज वाटते म्हणूनच जातोय. फोन येतो तिथे कुणीतरी विचारणारं बसायला हवं."

आणि त्याने तेच केलं. चीफ झाल्यावर नियम काढला. कुणीही फोन करून नुसतं म्हणालं की इथे एक संशयास्पद माणूस आहे, तर फोन घेणाऱ्याने विचारायचं, "तो काय करतोय?" दार फोडतोय, कुणाला धमकावतोय, भिंतीवरून उडी मारतोय, काहीही सांगा, गाडी तत्काळ निघते. पण सांगण्यासारखं एवढंच असेल की तो तिथे आहे आणि असा असा दिसतो, तर गाडी निघत नाही. एवढाच नियम, बाबा. एक प्रश्न. त्यावरून गावात जो गदारोळ उठला तो तुम्ही बघायला हवा होता, तुम्ही सगळ्यांच्या पुढे असतात.

तुमच्या जागी ते शेजारचे काका पुढे आले. ऐंशीच्या घरात आलेत, पण जोर कमी नाही. आपल्या कॉलनीत दोन-चार गराज फोडली गेली आणि त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आघाडी उघडली. मला फोन करून म्हणाले, "अगं, आपण टॅक्स भरायचा आणि पोलिसांनी उलटतपासणी आपलीच घ्यायची? आम्ही काय खोटं बोलतो का? तू ये मीटिंगला, बाबा असते तर पहिले आले असते." हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं त्यांनी. त्या मीटिंगमध्ये सिटी कौन्सिल ठरवणार होतं की हा प्रश्न ठेवायचा की काढायचा, आणि काढला तर राजीनामा देईन, हे चीफ म्हणून त्याने जाहीर सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, येते काका, नक्की येते. त्याला वाचवायला जातेय असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं सांगू? मी तुमच्यावर उट्टं काढायला चालले होते. ज्या लोकांसमोर तुम्ही हसत तो किस्सा सांगितलात, त्यांच्याच समोर. माझी चांदीच्या काठाची साडी नेसून गेले.

हॉल खच्चून भरलेला. एका बाजूला त्याच्या चर्चमधली माणसं, एका बाजूला आपले लोक, मध्ये जागाच नाही. माझा नंबर आल्यावर मी माइकपाशी गेले आणि सगळं सांगितलं. तुमचं नाव घेऊन. ब्लाइंडच्या पट्ट्या, फोन, लॉन, सॉरी ऑफिसर, दिवाळीचा किस्सा, सगळं. शेवटी बोट दाखवून म्हटलं, गवतात पडलेला तो मुलगा तिथे युनिफॉर्ममध्ये बसलाय. आपल्या काकू मंडळींनी माना खाली घातल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते जेमतेम मिनिटभर टिकलं. काका उठले, माइक धरला आणि म्हणाले, "झालं तर मग! म्हणजे हा नियम नाहीच, चीफचा वैयक्तिक सूड आहे. एका म्हाताऱ्या मेलेल्या माणसावरचा राग सगळ्या गावावर काढतोय." आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कौन्सिलमधले दोघं काकांच्या बोलण्यावर माना डोलावू लागले. इतकी वर्षं त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती ती का, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

तो माइकपाशी आला. घाई नाही, आवाज चढवणं नाही. म्हणाला, "या बाई सांगतात ते खरं आहे. मी ते इथे सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. मी त्या गृहस्थांचा पुष्कळ विचार केलाय. ते वाईट हेतूने फोन करत होते असं मला वाटत नाही. ते घाबरले होते. फोन घेणाऱ्या बाईने त्यांना विचारलं असतं, तो काय करतोय, तर त्यांना पुन्हा खिडकीतून बघावं लागलं असतं. आणि म्हणावं लागलं असतं, पुस्तक वाचतोय. मला वाटतं, हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी फोन ठेवला असता. हा प्रश्न मी माझ्यासाठी नाही आणला. त्यांच्यासारख्या माणसांसाठीही आणलाय. त्यांना त्या दिवशी कुणी एक संधी दिली नाही." आणि मी तिथे बसून दात-ओठ खातेय! इतकी वर्षं मी तुम्हाला ज्यासाठी सोडलं नाही, त्यातून हा तुम्हाला सोडवतोय, आणि तेही भर सभेत?

मग कौन्सिलमधल्या एका वयस्कर बाईंनी मला परत माइकपाशी बोलावलं. त्यांचं मत कुणीकडे जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "चीफचा नियम एवढ्यावरच उभा आहे की विचारल्यावर माणूस थांबतो. थांबत नसेल, काहीतरी रचून सांगत असेल, तर या प्रश्नाचा काय उपयोग? तुम्ही तुमच्या वडिलांना ओळखत होतात. त्यांनी फोन ठेवला असता का?"

बाबा, उत्तर माझ्या जिभेवर होतं. नाही, नसता ठेवला. म्हणाले असते, तो सारखा घराकडे बघतोय, हातात काहीतरी आहे. तुम्हाला कायमचं गाडायला तो एक शब्द पुरे होता, काका समोर बसलेले, सगळं गाव ऐकतंय, यासाठीच तर मी आले होते. पण तो शब्द उच्चारला असता तर त्याचा नियम तिथेच मेला असता, आणि त्याची नोकरीसुद्धा. पुन्हा आपल्याच घरापायी. मी माइक धरला आणि म्हटलं, "हो. ठेवला असता."

एका मताने नियम राहिला. तोही राहिला. पार्किंग लॉटमध्ये काका मला गाठून म्हणाले, "शेवटी बापाची अब्रू वाचवलीस हो!" आणि पाठीवर थोपटलं. माझ्या जिवाची नुसती लाही झाली. तुम्हाला उघडं पाडायला गेले होते आणि तुम्हाला भला माणूस करून आले. थोड्या वेळाने तो आला, माझ्या गाडीपाशी उभा राहिला. म्हणाला, "पुढच्या वेळी माझी गोष्ट सांगायची असेल तर आधी मला विचार." मी सॉरी म्हटलं. मग त्याने विचारलं, "आत म्हणालीस ते खरं होतं?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने मान हलवली आणि तो त्याच्या माणसांकडे गेला.

तुम्ही सुटलात असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. पत्ता असता तरी हे मी तुम्हाला पाठवलं नसतं, कारण शेवटचं वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि ते मला नकोय. पण लिहायला बसलेच आहे तर एवढं लिहून टाकते. मीटिंगमध्ये ते "हो" म्हणताना मला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही, तुम्ही खरंच फोन ठेवला असतात असं वाटून गेलं, आणि तेव्हापासून मला तुमच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येतोय.